थ्रॉटलवर पळते, पायडलवर नाही: कंट्रोलर बदलण्याआधी एवढं तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या चाकात हब मोटर असलेली ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक सायकल, दीड वर्ष वापरलेली. सुट्टीच्या दिवशी पाण्याचा जोराचा फवारा मारून धुतली. दुसऱ्या दिवसापासून पायडल कितीही मारलं तरी मोटर साथ देत नाही. डिस्प्ले लागतो, बॅटरी पूर्ण दाखवतो, एरर कोड काही येत नाही. अंगठ्याने थ्रॉटल दाबला तर मात्र सायकल नेहमीसारखी पळते. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलंय की कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, गेला, बदलावा लागेल. बदलू का?

नको. निदान आत्ताच नको. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं निदान होऊन गेलंय, फक्त ते तसं वाचलं गेलेलं नाही.

थ्रॉटलवर चाक फिरतं, म्हणजे बॅटरीतून करंट निघतोय, कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे विजेचे मोठे स्विच, तो तीन फेजच्या वायरींतून मोटरला देताहेत, आणि मोटरच्या पोटातले हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारे सेन्सर, आपली खबर परत पाठवताहेत. ही सगळी जड कामं करणारी मंडळी शाबूत आहेत. ब्रेक कट-ऑफसुद्धा सुटला, कारण लिव्हरमधला स्विच अडकून बसला असता तर त्याने थ्रॉटलही बंद पाडला असता. मग उरलं काय? पाय फिरताहेत हे कंट्रोलरला कळवणारा छोटा सेन्सर, त्याच्यासमोर फिरणारी चुंबकांची चकती, तीन बारीक वायरी, एक कनेक्टर आणि डिस्प्लेतली सेटिंग. कंट्रोलरमध्ये ज्या जागी ही वायर येते तेवढा भाग बिघडू शकतो, नाही असं नाही. पण माझ्या हातून गेलेल्या सायकलींत तसं क्वचितच निघालंय. आणि तो यादीत सगळ्यात शेवटी येतो, पहिला नाही.

आता हत्यार हातात घेण्याआधी एक विचारतो, रागावू नका. डिस्प्लेवर असिस्टची, म्हणजे पायडल मारताना मोटर देते त्या साथीची, लेव्हल किती आहे? बऱ्याच सायकलींत लेव्हल ० ठेवली की पेडल असिस्ट बंद होतो आणि थ्रॉटल चालू राहतो. हे मुद्दामच तसं केलेलं असतं. सायकल धुताना, पुसताना फडक्याखाली वजाचं बटण दाबलं जाणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. कंट्रोलर बदलून घ्यायच्या तयारीने आलेली सायकल मी अधिकचं बटण दोनदा दाबून परत पाठवलेली आहे. मालकाचा चेहरा बघवत नव्हता.

लेव्हल १ किंवा २ वर आहे आणि तरीही काही नाही, असं असेल तर पुढे.

मागचं चाक जमिनीपासून उचललं जाईल अशी सायकल स्टँडवर लावा किंवा उलटी करा. उलटी करणार असाल तर डिस्प्ले आणि लिव्हरखाली काहीतरी मऊ घाला. चेन आणि आऱ्यांपासून बोटं, ओढणी, शर्टाची बाही लांब ठेवा, कारण बिघाड सापडला की चाक अचानक पूर्ण वेगाने सुटतं. कुठलाही कनेक्टर ओढण्याआधी सायकल बंद करून बॅटरी काढून ठेवा, आणि बॅटरी काढल्यावर डिस्प्लेचं पॉवर बटण एकदा दाबून धरा. कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो, तो त्याने बराचसा उतरतो.

पहिली नजर जाऊ द्या क्रँकच्या मुळाशी, म्हणजे पायडलचे दोन्ही दांडे ज्या धुरीवर बसतात तिथे. डाव्या दांड्यामागे, काही सायकलींत उजवीकडे चेनव्हीलमागे, एक काळी प्लास्टिकची चकती दिसेल. तिच्यात छोटी चुंबकं बसवलेली असतात. आठ, दहा, बारा अशी वेगवेगळ्या सायकलींत वेगवेगळी. तिच्यासमोर फ्रेमला चिकटून छोटा सेन्सर. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की सेन्सरचं आउटपुट शून्यावरून पाच व्होल्टच्या आसपास उडी मारतं आणि परत खाली येतं. या उड्या मोजून कंट्रोलर ठरवतो की पाय फिरताहेत. तुम्ही जोर किती लावता हे या सेन्सरला कळतही नाही.

तेव्हा बघायचं ते असं. दांडा फिरवताना चकती त्याच्याबरोबर फिरते का? चकतीच्या मधल्या भोकाचे दाते झिजले की दांडा फिरतो आणि चकती जागच्या जागी थांबते. बोटाने चकती धरून ठेवा आणि दांडा हलवा, म्हणजे लगेच कळेल. दोन तुकड्यांत चिमटा लावून बसवायची चकती असेल तर पाण्याच्या दाबाने तिचा चिमटा सुटलेला असू शकतो. चकती आणि सेन्सर यांच्यातलं अंतर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि चकती घासताही कामा नये. एखादं चुंबक गळून पडलंय का तेही मोजा. एक चुंबक गेलं तर असिस्ट पूर्ण बंद पडत नाही, पण प्रत्येक फेऱ्यात एकदा गचका बसतो.

इथे एक गंमत सांगतो. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलची धुरी फ्रेममध्ये बसते त्या जागेची, बेअरिंग बदलून आणलेली एक सायकल माझ्याकडे आली. तक्रार हीच, पायडल मारलं तर काही होत नाही. मी चाक उचललं आणि पायडल उलटं फिरवलं, तर मोटर सुसाट सुटली. चकती उलट्या बाजूने बसवली होती. यातले बरेच सेन्सर फिरण्याची दिशा ओळखतात, त्यामुळे चकती पालटली की पुढे म्हणजे मागे होतं. बॉटम ब्रॅकेट, चेनव्हील किंवा दांडे काढून झालेलं कुठलंही काम आणि त्यानंतर गेलेला असिस्ट, असं दिसलं की मी आधी पायडल उलटं फिरवतो. पाच सेकंदांचं काम आहे.

तुमच्या बाबतीत मात्र माझा पहिला संशय कनेक्टरवर आहे, कारण तुम्ही फवारा मारलाय. सेन्सर स्वतः बहुधा रेझिनमध्ये गाडलेला असतो, त्याला पाणी सहसा काही करत नाही. पाणी शिरतं ते कनेक्टरमध्ये. या पायडलच्या सेन्सरची (त्यालाच पॅस, म्हणजे पेडल असिस्ट सेन्सर म्हणतात) वायर बॉटम ब्रॅकेटच्या खालून जाते आणि तिचा जोड नेमका अशा ठिकाणी असतो जिथे खालून मारलेला फवारा थेट बसतो. तो जोड शोधा. गोल, स्क्रू नसलेला, बाहेरून बाणाची खूण असलेला असेल तर सरळ ओढायचा, पिळायचा नाही. पिळला की आतल्या पिना वाकतात आणि साध्या बिघाडाचा अवघड बिघाड होतो. उघडल्यावर पाण्याचा थेंब, हिरवट-पांढरा थर, वाकलेली किंवा आत ढकलली गेलेली पिन दिसते का ते टॉर्च लावून बघा. ओलावा असेल तर गार किंवा कोमट हवेने वाळवा. हीट गन लावून प्लास्टिक वितळवू नका. थर साचला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा. गंज सुटायला वापरतात तो तेलकट स्प्रे इथे नको, तो धूळ धरून ठेवतो. कोरडं झाल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि बाण बाणासमोर आणून पूर्ण आत बसेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला कनेक्टर बाहेरून लागल्यासारखाच दिसतो, तेवढं लक्षात असू द्या.

बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. नाही झालं, तर मल्टिमीटर काढा.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. कनेक्टर जोडलेलाच राहू द्या आणि मागच्या बाजूने, जिथून वायरी आत शिरतात तिथून, बारीक टोकं किंवा टाचण्या घालून माप घ्या. सीलबंद कनेक्टरमध्ये मागून टोक जात नसेल तर कंट्रोलरच्या डब्यातल्या जोडावर मापा, तिथे सहसा जागा मिळते. टाचण्या एकमेकींना टेकू देऊ नका. पाच व्होल्टची लाइन ग्राउंडच्या वायरीला टेकली तर खरोखरच कंट्रोलर बदलावा लागेल. तीन वायरींपैकी एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची, एक सिग्नलची. लाल-काळी-तिसरी असं बहुधा असतं, पण रंगावर विश्वास ठेवू नका, मापून ठरवा.

लाल आणि काळीमध्ये पाचच्या जवळपास व्होल्टेज हवं. साडेचारपर्यंत मी चालवून घेतो. मग काळी आणि सिग्नलमध्ये मीटर लावून दांडा हाताने अगदी हळू, मुंगीच्या गतीने फिरवा. आकडा शून्याजवळ, मग चार-पाचजवळ, परत शून्याजवळ, असा उड्या मारत राहिला पाहिजे. भराभर फिरवलं तर मीटरला त्या उड्या पकडता येत नाहीत, तो मधलाच काहीतरी आकडा दाखवतो आणि आपण फसतो.

पाच व्होल्ट येताहेत पण सिग्नल एकाच जागी चिकटलाय, तर दोष चकती-सेन्सरमध्ये. एक छोटं चुंबक हातात घेऊन सेन्सरच्या तोंडाजवळ न्या, मग त्याची बाजू पालटून परत न्या. आकडा हलला तर सेन्सर जिवंत आहे आणि चकतीचं अंतर किंवा बसवण चुकलीय. दोन्ही बाजूंनी हलला नाही तर सेन्सर गेला. हा सायकलवरच्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. नवीन घेताना चुंबकांची संख्या, कनेक्टरचा प्रकार आणि डावी-उजवी बाजू जुन्यासारखीच बघून घ्या. संख्या वेगळी असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ती बदलता येते का ते आधी बघा, सगळ्या डिस्प्लेत ती सोय नसते.

सेन्सरकडे पाच व्होल्टच येत नाहीत, पण थ्रॉटल चालतोय, तर मधली वायर तुटली असणार. थ्रॉटललाही तेच पाच व्होल्ट लागतात, म्हणजे कंट्रोलर ते देतोय हे उघड आहे. बॅटरी काढा, मीटरचा आवाज देणारा मोड लावा, वायरीची दोन टोकं धरून ती जागोजागी वाकवत जा. दांडा घासतो ती जागा आणि झिप टायने करकचून आवळलेली जागा, या दोन ठिकाणी मी आधी बघतो.

आणि सिग्नलच्या व्यवस्थित उड्या थेट कंट्रोलरच्या कनेक्टरपर्यंत पोचताहेत, लेव्हल चढवलेली आहे, सेटिंगमध्ये पेडल असिस्ट चालू आहे, तरी मोटर हलत नाही, असं झालं तर मात्र कंट्रोलरचं इनपुट गेलं असं मीही म्हणेन. तुमच्या माणसाने इथपर्यंत येऊन सांगितलं असेल तर त्याचं बरोबर आहे. मीटर लावला होता का, एवढं त्याला विचारून बघा.

आता बाकीच्यांसाठी थोडं, कारण हाच मथळा वाचून वेगळ्याच लक्षणांची माणसं येतात.

थ्रॉटल आणि पायडल दोन्ही गेले आणि डिस्प्ले मात्र लागतोय, तर पहिला संशय ब्रेक लिव्हरवर. लिव्हर दाबली की मोटर तोडणारा स्विच तिच्यात असतो. लिव्हर पूर्ण परत येत नसेल किंवा आतलं चुंबक सरकलं असेल, तर सायकलच्या मते तुम्ही कायम ब्रेक दाबून बसलेले असता. काही डिस्प्लेंवर ब्रेकचं चिन्ह सतत लागलेलं दिसतं. हायड्रॉलिक ब्रेकला वरून चिकटवलेले सेन्सर असतील तर हे आणखी सर्रास होतं. दोन्ही ब्रेकचे सेन्सर कनेक्टर एकेक करून काढा आणि चाक हवेत ठेवून बघा. बहुतेक सायकलींत हे स्विच दाबल्यावर जोडले जाणारे असतात, त्यामुळे कनेक्टर काढणं म्हणजे ब्रेक सोडल्यासारखंच. एक काढल्यावर मोटर चालू झाली की गुन्हेगार सापडला.

थ्रॉटल नसलेल्या सायकलींत त्याच्या जागी वॉक मोड वापरा. सायकल हाताने ढकलताना साथ देणारा तो मोड, वेग ताशी सहा किलोमीटरच्या आत असतो. निदानासाठी तेवढा पुरेसा आहे.

ब्रेकही निर्दोष निघाले तर पाच व्होल्टच्या लाइनकडे वळा. ही गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. डिस्प्लेला बहुधा थेट बॅटरीचं व्होल्टेज जातं. थ्रॉटल, पॅस सेन्सर आणि मोटरमधले हॉल सेन्सर मात्र कंट्रोलरच्या आत तयार होणाऱ्या एकाच पाच व्होल्टवर जगतात. त्यामुळे डिस्प्ले लखलखीत आणि बाकी सगळं मेलेलं, हे सहज होऊ शकतं. आणि या सामायिक लाइनवरचा एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो स्वतःबरोबर सगळ्यांना घेऊन बुडतो. पाचऐवजी एक-दीड व्होल्ट दिसले तर लगेच कंट्रोलरवर खापर फोडू नका. थ्रॉटल काढा, मापा. पॅस काढा, मापा. मोटरचा कनेक्टर काढा, मापा. दर वेळी आधी सायकल बंद, बॅटरी बाहेर. जो काढल्यावर आकडा पाचवर उसळतो, तोच शॉर्ट आहे. सगळं काढूनही आकडा वर आला नाही तर कंट्रोलर.

असिस्ट सुरू होतो आणि चढावर किंवा जोर लावताच सुटतो, अशी तक्रार असेल तर बॅटरी बघा, पायडलचा सेन्सर नको. ४८ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी ५४.६ दाखवते, ३६ ची ४२. नुसत्या उभ्या सायकलवरचा हा आकडा खोटा धीर देतो. थ्रॉटल पूर्ण दाबून, सुरक्षित जागी चढावर, आकडा किती कोसळतो ते बघा. डिस्प्लेवर व्होल्टेज दिसण्याची सोय असते ती याचसाठी. क्षणात आठ-दहा व्होल्ट खाली जात असतील तर आतला एखादा सेलगट दमलाय किंवा जोडणी जळलीय. डिस्प्ले चालू राहून मोटर सुटली तर कमी व्होल्टेज बघून कंट्रोलरने हात आखडता घेतला. डिस्प्लेसकट सगळं काळं झालं तर बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे तिची राखण करणाऱ्या सर्किटने, प्रवाह तोडला, किंवा बॅटरीच्या बैठकीतल्या पट्ट्या ढिल्या आहेत. खड्ड्यात आदळल्यावरच असं होत असेल तर आधी त्या पट्ट्या बघा, काळ्या पडलेल्या, खडबडीत दिसतात. बॅटरीचा पॅक मात्र घरी उघडू नका. माझ्याकडे सगळी हत्यारं असूनही मी पॅकचं काम ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडेच पाठवतो.

मोटर मधोमध, क्रँकपाशी असलेल्या सायकलींचं गणित वेगळं. तिथे चाकाचा वेग मोजणारा सेन्सर फार महत्त्वाचा, कारण वेग कळला नाही तर सिस्टीम साथ द्यायला तयार होत नाही किंवा थोडा वेळ देऊन थांबते. आरीवर बसवलेलं छोटं चुंबक फिरून तिरकं झालं की खेळ खलास. बॉशच्या सूचनांप्रमाणे चुंबक आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ५ ते १७ मिलिमीटर हवं. चाक काढून घातलं, पंक्चर काढलं, आणि त्यानंतर असिस्ट गेला, तर नव्वद टक्के हेच असतं असं मी अंदाजाने सांगतो. बाफांगच्या मोटरींत एरर २१ म्हणजे हाच वेगाचा सेन्सर, ३० म्हणजे डिस्प्ले-कंट्रोलरमधला संवाद तुटलेला. पण हे आकडे दुसऱ्या कंपनीच्या सायकलीला लावू नका, प्रत्येकाची भाषा वेगळी. गिअर बदलताना मोटर क्षणभर सोडणारा सेन्सर काहींत केबलवर बसवलेला असतो, तो अडकला तरी असिस्ट कायमचा सुटतो.

टॉर्क सेन्सरवाल्यांनी (हा सेन्सर पायाचा जोर मोजतो) एक सवय सोडावी: एक पाय पायडलवर ठेवून सायकल चालू करणं. चालू होताना तो सेन्सर आपला शून्य ठरवतो. तुमच्या पायाचं वजन त्यालाच शून्य वाटलं तर पुढे तुम्ही लावलेला जोर त्याला कमी दिसतो आणि मोटर मरगळल्यासारखी वागते. बंद करा, दोन्ही पाय जमिनीवर, परत चालू करा.

मोटरचा घर्र आवाज येतो पण चाक ओढलं जात नाही, तर विजेत काही शोधू नका. गिअरवाल्या हब मोटरीतल्या नायलॉनच्या चाकांचे दाते गेलेत किंवा आतला क्लच घसरतोय. चाक मागे फिरवताना टप्प्याटप्प्याने अडत असेल तर मोटरचा कनेक्टर काढून परत फिरवा. अडणं गेलं तर कंट्रोलरचे मॉस्फेट शॉर्ट आहेत. तसंच राहिलं तर मोटरच्या फेज वायरी एकमेकींना टेकल्यात, बहुधा आसातून वायर बाहेर पडते तिथेच, सायकल त्या बाजूला पडल्यामुळे. मागे फिरवून बघायचं कारण असं की गिअरवाली हब मोटर पुढे फिरवताना क्लचमुळे सुटी असते, तिथे काहीच कळत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा: लेव्हल, मग चकती बोटाने धरून बघणं, मग बॉटम ब्रॅकेटखालचा कनेक्टर वाळवणं. मीटरची वेळ बहुधा येणारच नाही. पुढच्या वेळी धुताना बादली आणि फडकं घ्या, फवारा मारायचाच असेल तर क्रँक, हब, डिस्प्ले आणि बॅटरीची बैठक सोडून मारा.

आणि यातल्या कोणीही तपासताना ब्रेकचे कनेक्टर काढले असतील तर ते परत लावायला विसरू नका. लावल्यावर चाक हवेत ठेवूनच थ्रॉटल दाबा, नसेल तर पायडल हाताने फिरवा, आणि दोन्ही लिव्हर एकेक करून दाबून बघा. दोन्हींनी मोटर तिथल्या तिथे तुटली पाहिजे, मगच सायकल रस्त्यावर काढा.